कुसुमलता स्मृती औषधपेटी

डॉ. कुसुमलता कांकरिया यांनी खानदेशातली शेवटची गिधाडं वाचवली.

पुण्यतिथीच्या स्मरणिकेसाठी दिपमालानं लिहिलेलं हे पहिलं वाक्य. लिहिलं तेव्हा ते खरं होतं. दिपमाला जळगावात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवते. कुसुमलताबाईंची ती शेवटची विद्यार्थिनी, आणि बाई गेल्यापासून पांढरकड्यावरच्या घरट्यांवर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे आहे. दुसरं वाक्य सुचायच्या आत तोतारामचा फोन आला. तोताराम एरंडोलजवळच्या पांजरापोळीत असतो. तिथं मेलेली जनावरं ट्रॅक्टरवर घालून तो कड्याखालच्या कुंपणात नेऊन टाकतो. गिधाडांसाठी.

"ताई, चार पडेल शेतस."

"काय पडलंय?"

"गिधाडं. निंबखाले. काल मान खाले घालीसन बठेल व्हतात. आज पडेल शेतस."

मान खाली घालून बसलेलं गिधाड म्हणजे काय, हे दिपमालाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं गाडीची किल्ली उचलली.

डॉ. कुसुमलता कांकरिया यांचा जन्म जळगाव येथील एका

डाळमिलवाल्याच्या घरी झाला. त्या घरात कांदासुद्धा चिरला जात नव्हता. सत्तरचं दशक संपताना त्या घरातली थोरली मुलगी मेलेल्या बैलापासून थोड्या अंतरावर छत्री उघडून दिवसभर बसायला लागली. संध्याकाळी मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय तिला आत घेत नसत. आईनं तिचं ताट वेगळं केलं. स्थळं यायची बंद झाली. बाजारात तिला गिधाडवाली म्हणायचे, आणि दुकानावर बसलेला धाकटा भाऊ पुखराज ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

त्या काळात गिधाड कावळ्याइतकं साधं होतं. पिंपळावर असायचं, पाण्याच्या टाकीवर असायचं. असला पक्षी कोण मोजतो? तिनं मोजला. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत, एसटीनं, पायी, कधी लाकडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून तिनं कडे पालथे घातले. नव्वदच्या दशकात पक्षी गळायला लागले तेव्हा किती गेले हे सांगू शकणारी इकडे ती एकटीच निघाली, कारण किती होते हे दुसऱ्या कोणी पाहूनच ठेवलं नव्हतं.

वडील पांजरापोळीचे विश्वस्त होते. म्हातारी, लंगडी, भाकड जनावरं तिथं मरेपर्यंत सांभाळायची. मेली की ठेकेदार कातड्यासाठी न्यायचा. ती वडिलांना म्हणाली, "बापूजी, रानातला असा एक प्राणी दाखवा जो दुसऱ्याला मारत नाही आणि हिरवं पानही तोडत नाही. गिधाड सोडून दाखवा."

वडील म्हणाले, "वास फार येतो पण."

"वास मेलेल्याचा येतो. त्यांचा नाही."

तेव्हापासून पांजरापोळीतलं मेलेलं जनावर पांढरकड्याखाली जायला लागलं.

पुढे कळलं ते असं: गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाची सुई देतात, ती टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, मान लटकते आणि ते मरतं. सरकारनं गुरांसाठी ती सुई बंद केली. बंदी कागदावरच राहू नये म्हणून कुसुमलताबाई पारोळा, धरणगाव, साक्रीपर्यंतच्या मेडिकल दुकानांत जाऊन दुकानदारांशी भांडल्या. तरी एकेक कडा ओस पडत गेला. पांढरकडा राहिला. त्याच्या पायथ्याशी पडणारं मांस स्वच्छ होतं, एवढंच कारण.

डॉ. कुसुमलता कांकरिया यांचे अल्पशा आजाराने

अल्पसा नव्हता. कॅन्सर हाडांत पसरला होता, आणि त्यांनी हॉस्पिटलमध्ये राहायला नकार दिला. भावाच्या घरी, मागच्या खोलीत त्या पडून होत्या. पुखराजभाऊ आता सत्तरीच्या पुढे, पांजरापोळीचे अध्यक्ष, त्यांनी सुई द्यायला शिकून घेतलं. माणसाला डायक्लोफिनॅक चालतं. डॉक्टरांनी बाकीच्या औषधांबरोबर तेही लिहून दिलं होतं. कुसुमलताबाईंनी खोक्यावरचं नाव वाचलं आणि हसल्या.

"जीजी, दुसरं मागवू?" पुखराजभाऊ म्हणाले.

"दे टोचून. मला तर तुम्ही जाळणारच आहात."

सुई दिली की थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटायच्या, मुठी उघडायच्या. पुखराजभाऊ खुर्ची ओढून ते बघत बसायचे. तीस वर्षं व्याख्यानं ऐकून त्यांना बहिणीचं काम जेवढं समजलं नव्हतं, तेवढं दुखणं म्हणजे काय हे त्या खोलीत समजलं.

बाई गेल्या. कपाटात औषधाचं खोकं उरलं. ते फेकायचं म्हणजे कोणाच्या तरी दुखण्यावरचा उतारा मातीत घालायचा. उठावण्याचा शोकविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुखराजभाऊंनी ते खोकं मांडीवर घेऊन एरंडोल गाठलं. "जीजीला आराम पडला," ते तोतारामला म्हणाले, "या मुक्यांनाही पडू दे."

मग नात जिनल म्हणाली, दादासा, असं उरलेलं औषध तर प्रत्येक घरात असतं. तिनं पेटीचं चित्र काढलं. कुसुमलता स्मृती औषधपेटी. ज्याच्या घरात कोणी दुखणं काढून गेलं असेल त्यानं उरलेलं औषध या पेटीत टाकावं, ते जीवदयेला जाईल. जळगाव, एरंडोल, पारोळा, अमळनेर, धुळे, एकेका जैन स्थानकात पेटी बसली. धुळ्याच्या पांजरापोळीनं तर स्वतःहून मागून घेतली. पेटीवर बाईंचा फोटो होता आणि मागे पंख पसरलेलं गिधाड.

पहिल्या पेटीची फीत दिपमालानंच धरली होती. औषधं गरीब माणसांना जात असतील, असं ती समजली. कोणाला जातात ते तिनं विचारलं नाही.

डॉ. कुसुमलता कांकरिया यांच्या

वनखात्याचा पंचनामा झाला. पशुवैद्यकानं लिंबाखालीच पहिला पक्षी उघडला. हृदयावर, यकृतावर, सगळीकडे चुना फासल्यासारखा पांढरा थर होता. दिपमाला हे फोटोत शंभर वेळा बघून मुलांना शिकवायची. फोटोला वास नसतो.

"तोतारामभाऊ, गेल्या आठवड्यात काय टाकलं होतं इथं?"

"बैल. पाय मोडेल व्हता त्याना. भलता तळमळे."

"औषध काय दिलं त्याला?"

"अक्कानी सुई."

"कसली?"

"कुसुमलताअक्कानी सुई, ताई. बठ्ठा तेच म्हणतस." त्यानं खिशातून काचेची लहान कुपी काढून तिच्या हातावर ठेवली. तिचा चेहरा पाहून तो घाईनं म्हणाला, "ढोरनी नही ती. ढोरनी बंद शे, माले माहीत शे. ही मानूसनी शे."

पुखराजभाऊंनीही तेच म्हटलं. जळगावच्या घरी ओट्यावर बसून तिनं त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांना समजायलाच वेळ लागला. "पण जनावराचं औषध वाईट होतं ना? जीजी त्याच्याशी भांडली. हे तर माणसाचं आहे."

"औषध एकच आहे, भाऊ. बाटली वेगळी."

"हे तर तिचंच होतं."

"हो."

"किती गेले म्हणालीस?"

"चार सापडले. घरटी दोन होती. एक रिकामं पडलं. दुसऱ्यात पिल्लू आहे, पण आई-बापापैकी एकच येतोय. त्याला जर पुन्हा तसलं मांस मिळालं तर संपलं. आमच्याकडची सुई मी बंद करवली. धुळ्याला, अमळनेरला चालूच आहे, आणि तिकडची मेलेली जनावरं उघड्यावर टाकतात. पेट्या तुमच्या नावानं बसल्यात. तुम्ही पुण्यतिथीच्या सभेत उभं राहून सांगा, की काढा. माझं कोणी ऐकणार नाही."

पुखराजभाऊंनी मान डोलावली. दुपारी ते स्थानकात गेले, आणि महाराजसाहेबांकडून महावीर जयंतीपर्यंत मौनाचं पच्चक्खाण, म्हणजे व्रत, घेऊन आले. दिवसात एकदा जेवण. बोलणं नाही. लिहून दाखवणंही नाही. चार पंचेंद्रिय जीव त्यांच्या हातून गेले होते. त्याला दुसरं प्रायश्चित्त त्यांना माहीत नव्हतं.

ओट्यावर

दिपमाला : भाऊ, पुण्यतिथी रविवारी आहे.

पुखराजभाऊ :

दिपमाला : जयंतीला अजून दीड महिना आहे. तोवर पिल्लू उरणार नाही.

पुखराजभाऊ :

दिपमाला : तुम्ही स्वतःला शिक्षा घेतलीत. बरं वाटत असेल.

पुखराजभाऊ :

जिनल : दिपमालाताई, असं बोलू नका त्यांना. दोन दिवस घशाखाली घास उतरला नाहीये.

दिपमाला : मलाही उतरत नाहीये, जिनल. पण मी बोलतेय. तू सांगशील सभेत? पेटी तू काढलीस.

जिनल : मला कोण विचारतं? सभा गिरधरकाका चालवतात, ते माइकच देणार नाहीत.

दिपमाला : मग ज्यांना देतील ते इथं तोंड मिटून बसलेत. भाऊ, बाई असत्या तर तुमचं हे मौन त्यांनी काय केलं असतं माहितीये?

पुखराजभाऊ :

दिपमाला : मलाही माहीत नाही. पण चहा तरी प्यायल्या नसत्या तुमच्याकडे.

(पुखराजभाऊ उठून आत जातात. आतून पाण्याच्या पेल्याचा आवाज. ते बाहेर येत नाहीत.)

सभा

स्मरणिका छापून आली. दिपमालानं लेख दिलाच नाही, म्हणून त्या पानावर पेटीचा फोटो टाकला होता.

स्थानकाचं सभागृह भरलं होतं. विश्वस्त गिरधरशेठ सूत्रसंचालन करत होते. पांजरापोळीचं आणि स्वतःच्या दुकानाचं कौतुक त्यांना एकाच दमात करता येतं. दिपमालाला त्यांनी शेवटी दोन शब्द बोलायला बोलावलं. ती जे बोलली ते दोन शब्दांपेक्षा जास्त होतं. सभागृहात कुजबुज झाली.

"म्हणजे मॅडम," गिरधरशेठ म्हणाले, "ज्या पेटीवर आमच्या बाईंचा फोटो आहे ती पेटी विषाची आहे, असं आम्ही समाजात सांगायचं?"

"गुरांना त्यातलं औषध देऊ नका, असं सांगायचं. त्यांच्यासाठी दुसरं औषध आहे, गिधाडाला न बाधणारं. डॉक्टर देतील."

"ते तेवढंच लागू पडतं का?"

दिपमाला अडखळली. "नेहमी नाही."

"ऐका," गिरधरशेठ सभेकडे वळले. "गाय तडफडत ठेवायची, का तर गिधाडाचं पोट बिघडू नये. मॅडम, गिधाडाला पत्रिका छापायची का आता? सकुटुंब या म्हणून?"

लोक हसले. वाईट हसले असं नाही. रविवार होता, जेवणाची वेळ झाली होती. मागून एक म्हातारी बाई मात्र अगदी मनापासून म्हणाली, "बेटा, दुखणाऱ्याला औषध देऊ नये, असं कोणता धर्म सांगतो?" दिपमाला माइकपाशी तशीच उभी राहिली.

पुढच्या रांगेत पुखराजभाऊ उठले. काठी खुर्चीलाच राहिली. ते खाकरले.

"पेट्या काढा."

"भाऊ, तुमचं मौन आहे," गिरधरशेठ हळूच म्हणाले.

"मोडलं. त्याचं वेगळं प्रायश्चित्त घेईन." त्यांनी सभेकडे तोंड केलं. "चार जीव मी मारले. जीजीच्या औषधानं. मला वाटलं मी दया करतोय. ती सगळं आयुष्य मला सांगत होती, मी ऐकलं नाही, मी फक्त टाळ्या वाजवल्या. तुम्हीपण वाजवल्या. आज घरी जाताना पेटी काढा. धुळ्यावाल्यांनी, अमळनेरवाल्यांनी पण."

कोणी टाळी वाजवली नाही. जेवताना पुखराजभाऊंच्या पाटाशेजारचे दोन पाट रिकामे राहिले, आणि जिनल उठून त्यातल्या एकावर जाऊन बसली.

जळगावची, एरंडोलची आणि पारोळ्याची पेटी निघाली. अमळनेरवाल्यांनी पेटी ठेवली, वरचा फोटो काढला. धुळ्याहून निरोप आला: आपला निर्णय आपल्यापाशी. आमच्या गाईंचं दुखणं आमच्या डोळ्यांनी बघवत नाही.

चैत्र

पांजरापोळीत एका बैलाला शिंगाचा कॅन्सर होता. एक शिंग गळून पडलं होतं, तिथं भोक होतं, आणि माश्या बसू नयेत म्हणून तोतारामनं त्यावर फडकं बांधलं होतं. गिधाडाला न बाधणारं औषध डॉक्टरांनी जितकं देता येतं तितकं दिलं होतं. बैल खांबावर डोकं घासत होता. घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा. पुखराजभाऊ सकाळपासून त्याच्यापुढं बसलेले. जिनलनं दिपमालाला बोलावून घेतलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, पेटीतली सुई दिली तर निदान शांत मरेल," जिनल म्हणाली. "मग खड्डा करून पुरू. कुंपणात नाही टाकायचा. कोणाला धोका नाही. ताई, असं चालतं ना?"

चालतं. पुरलं तर गिधाडांना धोका नव्हता. दिपमालानं पुखराजभाऊंकडे पाहिलं. त्यांना खोटं सांगणं सोपं होतं.

"भाऊ, सभेपासून इथलं एकही जनावर कुंपणात गेलेलं नाही. ज्यांना आधी सुई दिली होती ती सगळी आपण पुरली. कड्यावरचा तो एक पक्षी आता सकाळी धुळ्याच्या बाजूला जातो. तिकडं काय खातो मला माहीत नाही. पिल्लाचं डोकं काल दिसलं. हा बैल स्वच्छ आहे. आपल्याकडं आत्ता एवढंच स्वच्छ आहे."

"येईल का तो इथं खायला?"

"सांगता येत नाही."

"नाही आला तर याचं दुखणं फुकट जाईल."

"हो."

पुखराजभाऊंनी जिनलच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. तिनं कुपी बरोबर आणली होती, हे सगळ्यांनाच कळलं होतं. "ती परत ने, बेटा," ते म्हणाले. मग तोतारामकडून ओलं पोतं मागून घेतलं, बैलाच्या डोळ्यांवर धरलं आणि त्याचं डोकं स्वतःच्या छातीशी घेतलं. बैलानं घासायचं थांबवलं नाही. आता तो त्यांच्या छातीवर घासू लागला. सदरा रक्तानं, पुवानं भरला. जिनल रडत गाडीत जाऊन बसली. दिपमाला बसली नाही, कारण हे तिनं मागितलं होतं.

बैल दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना मेला. तो मरेपर्यंत पुखराजभाऊ तिथून हलले नाहीत.

तोतारामनं ट्रॅक्टर कुंपणात नेला आणि बैल उतरवला. तो, पुखराजभाऊ आणि दिपमाला बाभळीखाली बसले. कड्यावर पांढरे ओघळ होते, कपारीत काही हललं की नाही ते दुर्बिणीतूनही कळत नव्हतं. आभाळात काही नव्हतं. आधी कावळे आले. मग नाल्याच्या बाजूनं, तार वाकली होती तिथून, कुत्री आली. या गावची नाहीत, त्या गावची नाहीत, कोणाचीच नाहीत, अशी माजलेली कुत्री. पोटाकडून सुरुवात केली.

"कुत्री असली का गिधाडं उतरत नहीत," तोताराम म्हणाला. "भलतीच भित्री जात शे ती."

पुखराजभाऊ उठले. वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा हा माणूस. त्यांनी खाली वाकून दगड उचलला, हातात तोलला आणि मारला. पहिला लागला नाही. दुसरा एका कुत्रीच्या बरगडीवर बसला. ती केकाटली, फिरली, लंगडत थोडी लांब गेली आणि तिथंच उभी राहून त्यांच्याकडे बघू लागली. तिची आचळं दुधानं भरलेली होती.

पुखराजभाऊ क्षणभर थांबले. मग त्यांनी आणखी मोठा दगड शोधला.